जमिनीला पाय लागल्यावर

धामापूरच्या आकाशातून पूर्वी फारसं काही जात नसे. कुडाळहून मालवणकडे येताना आमचा तलाव लागतो, १५३० साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, तेव्हापासून गाड्या थांबवून फोटो काढणारे वाढले. वर बघायचं कारण मात्र नव्हतं. मग २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला आणि त्याच्या तालमींमुळे आठवडाभर डोक्यावर हेलिकॉप्टरांची घरघर चालू होती. माझं उभं आयुष्य या यंत्राच्या देखभालीत गेलं. आधी मुंबईत जुहूला, मग आखातात, मग पुन्हा इथे. त्यामुळे त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या शंका माझ्याच पडवीत आल्या.

शेजारच्या आबांची शंका सगळ्यात चांगली होती. ते म्हणाले, "ह्या वरसून पडता ह्याची भीती माका कळता. पण एकदा जमिनीर टेकला, मगे कसलो धोको?"

आबांना मी तेव्हा चहा पाजला आणि थोडक्यात सांगितलं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आबांचा एकट्याचा नाही. हेलिकॉप्टर टेकलं की आयोजक हार घेऊन पुढे धावतात, पोरं दोरीखालून घुसतात, मोबाइल वर होतात. सगळ्यांच्या मनात एकच असतं की आता सुटलो. आणि नेमक्या त्याच काही सेकंदांत, पाती फिरत असताना आणि पाय जमिनीला लागलेले असताना, एक असा प्रकार होऊ शकतो जो आकाशात कधीच होत नाही. त्याला ग्राउंड रेझोनन्स म्हणतात. अनुनाद हा शब्द आपण शाळेत शिकलो, तोच हा, जमिनीवरचा.

इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ आहेत. हेलिकॉप्टर शांतपणे उतरतं. मग किंचित डुलतं, जशी धक्क्याला बांधलेली होडी डुलते. दुसरा झोका मोठा. तिसरा त्याहून मोठा. पाच-सात सेकंदांत शेपूट तुटते, पाती जमिनीला लागून तुकडे उडतात, आणि जिथे यंत्र होतं तिथे धूळ आणि भंगार उरतं. कुणी धडक दिलेली नसते, वारा नसतो, आग लागलेली नसते. पाहणाऱ्याला वाटतं हेलिकॉप्टरच्या अंगात आलं.

अंगात येण्यासारखं त्यात काही नाही. समजायला सोपं उदाहरण कपडे धुण्याच्या मशिनचं. सगळे ओले कपडे एका बाजूला गोळा झाले आणि मशिन पिळायला लागलं, की एका ठरावीक वेगाला ते धडधडत बाथरूमभर चालायला लागतं. त्या वेगाच्या खाली शांत, वर गेल्यावर पुन्हा बरं. शेतातला डिझेल पंपही बंद करताना शेवटच्या चार फेऱ्यांत असाच हादरतो. प्रत्येक वस्तूला डुलण्याची स्वतःची एक लय असते. फिरणाऱ्या भागाचा असमतोल त्या लयीशी जुळला, की थोड्या जोरात मोठा झोका निघतो.

पण मशिनमधले कपडे एकदा एका बाजूला गेले की तिथेच राहतात. असमतोल तेवढाच राहतो. हेलिकॉप्टरमध्ये तो वाढत जातो. कसा, ते सांगायचं तर पात्यांच्या मुळाशी जावं लागेल.

आपल्याला वाटतं पाती पंख्यासारखी घट्ट ठोकलेली असतात. बऱ्याच हेलिकॉप्टरांत ती तशी नसतात. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्यासोबत मागे पळतं. म्हणून प्रत्येक पातं फेरीगणिक थोडं वर उचलतं, थोडं खाली येतं. वर उचललेल्या पात्याचं वजन मधल्या खांबाच्या जरा जवळ येतं, आणि मग ते पुढे पळायला बघतं. फुगडी घालताना मुली हात आखडून जवळ आल्या की फिरकी वाढते ना, तेच. पातं खाली आलं की मागे रेंगाळतं. हे पुढे-मागे होणं अडवलं तर मुळाशी इतका ताण येतो की पातं तुटू शकतं.

हुआन दे ला सिएर्व्हा नावाच्या स्पॅनिश इंजिनिअरने हे सोसलं. त्याची ऑटोजायरो ही हेलिकॉप्टरची थोरली बहीण. १९२३ साली ती पहिल्यांदा नीट उडाली, कारण पात्यांना वर-खाली हलू देणारी बिजागरी त्याने लावली. पुढे-मागे हलू देणारी बिजागरी आली ती १९२७ साली इंग्लंडमध्ये एक पातं उडताना मुळातून निखळल्यावर. पाती तुटायची थांबली. पण पातं आता मोकळं झालं होतं, आणि मोकळं झालेलं पातं जमिनीवर असताना दुसराच खेळ करू शकत होतं. औषधाने एक रोग बरा झाला आणि दुसऱ्याला दार उघडलं. आमच्या धंद्यात असं पुष्कळ वेळा होतं.

तो खेळ असा. समजा तीन पाती आहेत, एकमेकांपासून १२० अंशांवर. तिन्ही सारख्या अंतरावर असली की तिघांचा मिळून जो वजनाचा मध्य, तो बरोबर खांबावर. आता हेलिकॉप्टर एका पायावर आपटून टेकलं. धक्क्याने एक पातं जरा पुढे गेलं, दुसरं मागे राहिलं. वजनाचा मध्य खांबावरून सरकला आणि गरगर फिरायला लागला. तो खांबाला आपल्यामागे ओढतो, खांब धडाला ओढतो, धड आपल्या पायांवर डुलतं. धडाच्या डुलण्याची लय साधारणपणे सेकंदाला दोन-चार झोके. मध्याच्या गरगरण्याची लय तिच्याशी जुळली, की प्रत्येक झोका पात्यांना आणखी विस्कटतो आणि विस्कटलेली पाती धडाला आणखी जोरात हलवतात.

पुलावरून पावलं जुळवून चालणाऱ्या सैनिकांची गोष्ट आपण ऐकलेली असते. तिथे जोर बाहेरून येतो, सैनिक थांबले की पूल थांबतो. इथे जोर आतूनच येतो. तीन पात्यांच्या एखाद्या लहान हेलिकॉप्टरची पाती मिनिटाला ३९० फेऱ्या घेतात, टोकाचा वेग ताशी साडेसातशे किलोमीटरच्या वर, मुळाशी प्रत्येक पात्याची कित्येक टनांची ओढ. एवढी ताकद हाताशी असताना झोक्याला बाहेरच्या मदतीची गरज काय?

याचं गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या एनएसीए या संस्थेत, म्हणजे आजच्या नासाच्या आधीच्या घरात, कोलमन आणि फाइनगोल्ड या दोघांनी मांडलं. १९५८ साली ते सगळं एकत्र छापून आलं आणि आजही शिकवलं जातं. त्याचं सार आमच्या फोरमनने मला पहिल्याच आठवड्यात एका वाक्यात सांगितलं होतं: दोन ठिकाणी शॉक ॲब्सॉर्बर हवेत, पात्यांच्या मुळाशी आणि पायांत, आणि दोन्ही ठिकाणी ते जिवंत हवेत. एका जागी कितीही चांगले बसवा, दुसऱ्या जागी मेलेले असतील तर उपयोग नाही. पात्यांच्या मुळाशी असतात त्यांना डँपर म्हणतात. कुठे तेलाचे, कुठे खास रबराच्या ठोकळ्यांचे. आपल्या नौदलाचं जुनं चेतक घ्या. मूळ फ्रेंच आलुएत, इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं. तीन पाती, मुळाशी तेलाचे डँपर, खाली तीन चाकं आणि त्यांच्या दांड्यांत पुन्हा तेल. म्हणजे डँपरचं तेल, दांड्यांचा दाब, टायरमधली हवा, इतक्या साध्या गोष्टींवर सगळा डोलारा. दोन टायरांत हवा कमी-जास्त असली तरी धडाची लय बदलते. जहाजाच्या डेकवर साखळ्यांनी बांधून ठेवलेलं असताना पाती फिरवली, तर साखळ्या कशा आवळल्यात यानेही बदलते.

सगळ्या हेलिकॉप्टरांना हा आजार नसतो, हेही सांगितलं पाहिजे. दोन पात्यांची, मध्ये झोपाळ्यासारखी एकच बिजागरी असलेली जी असतात, बेल २०६ किंवा रॉबिन्सन आर ४४, त्यांत पात्याला पुढे-मागे हलायची मोकळीकच नाही, म्हणून ही भीतीही नाही. त्यांच्या भीती वेगळ्या.

डँपर हा प्रकार तसा दुर्लक्षित. इंजिनाचा रुबाब असतो, इलेक्ट्रॉनिक्सला मान असतो. डँपर म्हणजे हातात मावणारी, चकाकी नसलेली वस्तू. आमचा फोरमन म्हणायचा, हे तिघे सख्खे भाऊ आहेत, एक जेवला आणि दोन उपाशी राहिले तर घरात भांडण. म्हणजे एकच डँपर नवा आणि दोन थकलेले, हे चालत नाही. तिघांची ओढ सारखी हवी. रबराचे असतील तर चीर गेली आहे का, थर सुटला आहे का, हे बोटाने चाचपून, बॅटरीच्या उजेडात तिरकं बघून ठरवायचं. मुंबई हायच्या फलाटांवर जाणारी आमची यंत्रं, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात, परत आली की रोज गोड्या पाण्याने धुवावी लागत. खारा वारा काय काय खातो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या बघा.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेचा प्रचार चालू होता. मी तेव्हा भाड्याने हेलिकॉप्टर देणाऱ्या एका कंपनीत होतो. अशा दौऱ्यात तंत्रज्ञाला सोबत नेतात, तसा मी मागच्या सीटवर. यंत्र एएस ३५०, तीन पात्यांचं, चाकांऐवजी घसरपट्ट्या. या जातीच्या घसरपट्ट्यांना मागे लवचिक पोलादाच्या पट्ट्या असतात आणि पुढच्या बाजूला शॉक ॲब्सॉर्बर. बनवणाऱ्यांनी ते ग्राउंड रेझोनन्स लक्षात घेऊनच दिलेले आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या मैदानावर उतरायचं होतं. पाऊस त्या वर्षी रेंगाळलेला. वरून मैदान छान दिसत होतं, मधोमध चुन्याने काढलेला मोठा एच, कडेला दोरी, दोरीपलीकडे गणवेशातली मुलं. पायलट फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी बरोबर एचवर उतरवलं. डावी पट्टी टेकली. उजवी टेकली आणि तशीच खाली गेली, बैलगाडीचं एक चाक चिखलात जावं तशी.

मग ते डुलणं सुरू झालं. नेहमीची थरथर ओळखीची असते, ती दातांत जाणवते. हे तसं नव्हतं. हे कमरेला धरून कुणीतरी गोल फिरवावं तसं होतं, सावकाश, अंड्याच्या आकाराचं. एक. दोन, जरा मोठं. खिडकीतून ती मुलं एकदा वर गेली, एकदा खाली गेली. माझ्या तोंडून "या अल्लाह" निघालं की नाही आठवत नाही, मनात नक्की निघालं. तिसरा झोका सुरू होत होता तेवढ्यात पायलटने सरळ वर उचललं. जमीन सुटली आणि त्याच क्षणी सगळं थांबलं. थांबलं म्हणजे इतकं शांत, की जणू काही झालंच नव्हतं. पाय जमिनीवर नसले की धडाला डुलायला आधारच राहत नाही. पाती आपसूक आपापल्या जागी येतात.

या वर उचलण्याचं मोल बाहेरच्याला कळणं कठीण. माणसाची उपजत बुद्धी सांगते की डुलतंय, तर खाली दाब, घट्ट बसव. किंवा दांडा डाव्या-उजव्या बाजूला मारून झोका पकडायला जा. दोन्ही घातक. पाती पूर्ण वेगात असतील तर लगेच उडायचं. वेग कमी असेल, उडता येत नसेल, तर ताबडतोब इंजिन तोडायचं, पाती सपाट करायची, ब्रेक असेल तर तो लावायचा. मधला मार्ग नाही. थोडं उचलून पाहू, जरा वाट पाहू, म्हणाल तर घसरपट्ट्यांवर अर्धाच भार राहतो, लय पुन्हा बदलते आणि आणखी वाईट जागी जुळू शकते. ठरवायला वेळ मिळतो दोन झोक्यांचा.

पायलटने चाळीसेक फूट पलीकडे, उघड्या जांभ्यावर उतरवलं. इंजिन बंद. पाती थांबेपर्यंत कुणाला दार उघडू दिलं नाही. बाहेर आयोजक रागावलेले. "साहेब, एच तर इकडे आहे!" गर्दीत काही जण हसत होते, पायलट शिकाऊ दिसतोय म्हणून. मी एक पहार मागितली आणि एचच्या उजव्या बाजूला खुपसली. हातभर आत गेली. शाळेचा शिपाई हळूच म्हणाला, "लांब उडीचा खड्डा होता, काल रात्री माती टाकून सपाट केला." वर चुना मारला होता.

पुढचा तास मला जास्त आठवतो. असा झटका बसल्यावर यंत्र तपासल्याशिवाय पुढे नेता येत नाही. घसरपट्ट्या, पोलादी पट्ट्या, शॉक ॲब्सॉर्बर, पात्यांच्या मुळाचे रबरी ठोकळे, शेपटीचे जोड. पुढच्या गावात सभा खोळंबली होती. नेत्यांचे सचिव दर पाच मिनिटांनी येत होते, "दिसतंय तर चांगलंच." मग त्यांनी कंपनीत फोन लावला, कंपनीतून मला फोन आला, किती वेळ लागेल, नक्की लागेलच का. मी म्हटलं लागेल. पायलट माझ्या शेजारी घडी घातलेल्या हातांनी उभे राहिले आणि फोनकडे त्यांनी बघितलंही नाही. नेते शेवटी गाडीने गेले. सगळं तपासून झालं, काहीही मोडलेलं नव्हतं. सचिवांचा निरोप आला, बघा, काही नव्हतंच. उगाच वेळ घालवला.

तपासणीत काही न सापडणं हेच तिचं यश असतं, हे पटवणं फार अवघड. सापडलं तर "तुम्ही आधी काय करत होतात", नाही सापडलं तर "उगाच". आमच्या पेशातली माणसं हे ऐकून म्हातारी होतात.

तात्पुरत्या हेलिपॅडची गोष्ट मी उगाच काढत नाही. ३ मे २०२४ ला रायगडात महाडला, सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर मैदानात उतरताना धुळीच्या लोटात कलंडून पडलं. त्या अजून चढल्या नव्हत्या, पायलट वाचले. टेकता टेकता कलंडणं हा वेगळा प्रकार, ग्राउंड रेझोनन्स वेगळा. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या तारांत अडकून खाली आलं, तो आणखी तिसरा. तिन्हींत समान आहे ते जमिनीपासूनचं अंतर. आपल्याकडे जमीन तयार करणं म्हणजे गवत कापणं, पाणी मारणं आणि एच रंगवणं. जांभ्याच्या सड्यावर हे खपून जातं, भराव घातलेल्या मैदानावर नाही. चिरेखाणी बुजवलेल्या जागा आपल्याकडे किती आहेत ते मोजायला गेलं तर दिवस पुरणार नाही.

आणि गर्दी. तुटलेलं पातं कुठे जाईल याला दिशा नसते. यंत्र टेकल्यावर डुलायला लागलेलं दिसलं तर पुढे जाऊन मदत करायची नाही, शूटिंग करायचं नाही, मागे व्हायचं, भिंत असेल तर भिंतीमागे. आतल्यांनी दार उघडून उडी मारायची नाही, पाती झोक्यासोबत कुठवर खाली येतील सांगता येत नाही. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लग्नात हत्ती बिथारलो तर करतत तसाच." हो, तसंच.

२०२४ च्या निवडणुकीत जवळच्या एका गावातल्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, मैदान बघून द्या म्हणाले. मी पहार घेऊनच गेलो. दर चार पावलांवर एक ठोका, सगळीकडे टणक आवाज, फक्त पाण्याच्या टाकीजवळ भुसभुशीत. एच दुसऱ्या टोकाला काढायला सांगितला. सर समाधानी. मग त्यांनी वहीत बघत विचारलं, "मुलांना कुठे उभं करायचं? स्वागतगीत बसवलंय."

मी शाळेच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "हिच्या मागे."

"मागे? मग त्यांना दिसणार कसं?"

"आवाज ऐकू येईल. पाती थांबली की आणा पुढे. गीत तेव्हा म्हणू दे."